फ्रीथिंकरला मराठीत काय म्हणाल?

एक भाषांतर करतोय. त्यात एक माणूस स्वतःला स्केप्टिकल फ्रीथिंकर (शंका घेणारा, परंपरा सांगते म्हणून न मानता स्वतः विचार करणारा) म्हणवतो आणि मग स्वातंत्र्य, धर्म, माणसाचा स्वभाव यावर बोलत सुटतो, आणि मी पहिल्याच ओळीत अडकलोय. आधी 'नास्तिक' लिहिलं, पण देव नाही असं तो कुठेच म्हणत नाही, पुरावा दाखवा एवढंच म्हणतो. 'मुक्तचिंतक' करावं तर आपल्याकडे मुक्तचिंतन म्हणजे विषय न ठरवता तासभर माईक धरून ठेवणं. सुचवा काहीतरी.

— नास्तिक नकोच. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा, तिथे देवाचा प्रश्नच नाही. म्हणून तर वेद मानणारे सांख्य आणि मीमांसक हे तत्त्वज्ञ ईश्वराशिवाय भागवूनही आस्तिकांच्या पंक्तीत बसले. अज्ञेयवादी पण नको, तो हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८६९ च्या ॲग्नॉस्टिकला प्रतिशब्द आहे, म्हणजे देव आहे की नाही हे कळूच शकत नाही म्हणणारा, अर्थ वेगळा.

— सरळ संशयवादी लिहा की.

— संशयवादी म्हटलं की लोकांना संशयी ऐकू येतं, म्हणजे बायकोचा फोन चोरून बघणारा. त्यात गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' सगळ्यांना पाठ.

— अहो पण आपल्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाचं, न्यायसूत्रांचं, पहिलंच सूत्र बघा, सोळा पदार्थांत (म्हणजे विचारायच्या विषयांत) प्रमाण (जाणण्याचं साधन), प्रमेय (जाणायची गोष्ट) आणि लगेच तिसरा संशय! त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे संधिप्रकाशात लांब काहीतरी उभं दिसतंय, खुंट आहे की माणूस? आता संशयी माणूस तिथूनच चोर चोर ओरडेल, श्रद्धाळू हात जोडेल, आणि संशयवादी चार पावलं पुढे जाऊन बघेल. ग्रीक 'स्केप्सिस'चा अर्थपण बघणं, तपासणं असाच आहे. मला तरी हाच शब्द चपखल वाटतो, बदनाम झाला म्हणून का टाकायचा?

— बदनामीवरून आठवलं, पाखंडी! आज शिवी आहे, पण अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, कुठलाही, आणि राजा म्हणतो मी सगळ्या पासंडांचा मान राखतो. पुढे ज्याला त्याला दुसऱ्याचाच पंथ पाखंड वाटायला लागला. इंग्रजीतल्या हेरेसीची गतही तीच, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निवड. म्हणजे स्वतः निवडलंस हाच गुन्हा. मनुष्यस्वभाव बघायचा तर शिव्यांच्या व्युत्पत्त्या वाचाव्यात, प्रवचनं नकोत. (हे माझं मत, भांडू नका.)

— स्वातंत्र्याचं काय केलंय तुम्ही?

— 'प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याची मुभा असावी' असं केलंय.

— मग तिथे गडबड आहे. मुभा कोणीतरी देतं, आणि जो देतो तो उद्या काढूनही घेतो. शब्द अरबी 'मुबाह'वरून आलाय, इस्लामी धर्मशास्त्रात जे ना बंधनकारक ना निषिद्ध ते मुबाह, म्हणजे ती रेषा आखणारा धर्मच. परवानगी, सूट, मोकळीक, सगळ्यांच्या मागे देणारा हात दिसतो. स्वातंत्र्यात 'स्व' आहे, तिथे वरून कोणी देत नाही. तुमचा माणूस धर्म न पाळण्याबद्दलही बोलतो का?

— हो, त्याच वाक्यात. 'किंवा न पाळण्याची'. मी ते गाळलं होतं, वाक्य जड होतंय म्हणून.

— बघा म्हणजे! जड कुणाला होत होतं?

— पकडलंत 😄 स्वतःला मोकळ्या विचाराचा समजत होतो आणि हात आपोआप वाक्य छाटत गेला. संशयवादी ठेवतो, मुभा काढतो, आणि 'न पाळण्याचं' परत घालतो. आता पुढचं वाक्य, तो म्हणतो माणूस स्वभावतः क्रेड्युलस असतो. भोळा लिहू?

— भोळा नको, भोळ्याचं आपल्याला कौतुक असतं. 'ऐकलं की खरं मानणारा' असं फोडून लिहा.