मदत हवी आहे: सिमेंटच्या होडीत पाणी झिरपते

दूधगंगाकाठ: आमचे निम्मे रान दूधगंगेच्या पलीकडे आहे. वडील गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडत. मी फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा करून, होडी केली. शेततळ्यात सोडताच तळाशी सुतासारखी तांबूस रेघ उमटली आणि पाणी झिरपू लागले. पावसाळा तोंडावर आला आहे. कोणता रंग लावावा, एवढेच सांगावे.

निवृत्त ओव्हरसिअर: जाडी, जाळीचे थर आणि गिलाव्याची पद्धत कळल्याशिवाय रंगाचे नाव घेण्यात अर्थ नाही.

खानापूरकर: ती मोडून फायबरची घ्यावी. अमेरिकेचे सेल्मा हे काँक्रीटचे तेलवाहू जहाज १९१९ मध्ये पाण्यात उतरले आणि १९२० मध्ये मेक्सिकोतील टॅम्पिकोच्या बंदरात त्याला मोठे भगदाड पडले.

निवृत्त ओव्हरसिअर: ते धक्क्यावर आदळले होते, झिरपले नव्हते. काँक्रीटचे दुखणे धडकेचे आहे. फ्रान्समध्ये लाँबो यांनी १८४८ मध्ये जाळी आणि सिमेंटची होडी केली होती. पुढे महायुद्धांत पोलादाची टंचाई पडल्यामुळे मोठी जहाजेही याच साहित्याची झाली.

निपाणी २४: मोटर बसवणार असाल, तर मागची फळी आधी भक्कम करावी.

दूधगंगाकाठ: मोटर नाही, वल्हे आहे! जाडी पाऊण इंच, कोंबडीजाळीचे चार थर, आठवडाभर ओली पोती. आतला गिलावा रविवारी झाला. गवंडी संकेश्वरला लग्नाला गेल्यामुळे बाहेरचा मंगळवारी.

निवृत्त ओव्हरसिअर: हेच आधी लिहायला हवे होते. रविवारचा माल वाळल्यावर मंगळवारचा त्याला नीट धरला नसावा, आणि जाळीमागे पोकळी राहून तिथे गंज चढला असावा. वरून रंग लावल्यास पाणी आत कोंडून जाळी कुजेल. थापीच्या दांड्याने रेघेच्या आजूबाजूला हलके ठोकावे. जिथे बद्द आवाज येईल तेवढा भाग जाळी दिसेपर्यंत छिन्नीने काढून, गंज घासून, ओला करून, सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेला पातळ घोळ) ब्रशने चोळावी आणि ती ओली असतानाच एकास दोन (एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू) माल दाबून भरावा. त्यानंतर किमान दोन आठवडे पोती ओली ठेवावीत.

खानापूरकर: एवढ्या खटाटोपात फायबरची आली असती.

दूधगंगाकाठ: ठोकून पाहिले. रेघ वीतभरच आहे, पण बद्द आवाज दोन हातांपर्यंत येतो. उद्या छिन्नी घेतो. तोच गवंडी आला, तर आत-बाहेर एकाच दिवशी करून घेईन.