नागपूर उच्च न्यायालयाच्या इमारतीचे मूळ आराखडे: संग्रहालयाकडे मागणी कशी करावी?

प्रश्न: राळेगावचा विद्यार्थी

मी वास्तुशास्त्राच्या चौथ्या वर्षाला असून नागपूरच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीवर प्रबंध लिहीत आहे. या इमारतीची कोनशिला १९३७ साली बसवली गेली आणि १९४० साली तिचे उद्घाटन झाले. तिचे वास्तुविशारद हेन्री मेड हे त्याआधी नवी दिल्लीच्या उभारणीत होते. मला तिचे मूळ आराखडे, विशेषतः घुमटाचा छेद (घुमट उभा कापल्यास आतून दिसेल तसे चित्र), पाहायचा आहे. ब्रिटनमधील एका संग्रहालयाला मी ‘न्यायालयाचे सर्व आराखडे पाठवावेत’ असे पत्र लिहिले, तेव्हा ‘संदर्भ क्रमांक कळवावा’ एवढेच एका ओळीचे उत्तर आले. सध्या कापूस वेचणीमुळे मी गावीच आहे. लंडन तर सोडाच, नागपूरला जायचे म्हटले तरी दिवस मोडतो. हा क्रमांक कुठून मिळवायचा आणि घरबसल्या काय काय करता येईल, हे कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल, हिंगणघाट

आलेले उत्तर तुटक वाटले तरी मागणी रास्त आहे. संग्रहातील प्रत्येक कागदाची जागा त्या क्रमांकावरूनच ठरते; त्याशिवाय तेथील कर्मचाऱ्याने कोणता खण उघडायचा?

ब्रिटिश वास्तुविशारदांचे आराखडे शोधताना पहिले नाव घ्यावे लागते ते १८३४ साली स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेचे. २००४ पासून तिचा आराखड्यांचा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या सहकार्याने तेथे अभ्यासकांना दाखवला जाऊ लागला. संस्थेची सूची इंटरनेटवर खुली आहे आणि निवडक चित्रे वेगळ्या चित्रसंकेतस्थळावर पाहता येतात. शोधाची सुरुवात इमारतीच्या नावाने न करता वास्तुविशारदाच्या नावाने करावी, कारण जुन्या नोंदी बहुधा व्यक्तीच्या नावाखाली लावलेल्या असतात. त्यानंतर नागपूर, मध्यप्रांत, सी. पी. अँड बेरार (म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाड), ‘लॉ कोर्ट्स’ अशी नावे आलटून पालटून टाकून पाहावीत.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा एका प्रकल्पाची एकच नोंद असते आणि तिच्या पोटात आराखड्यांचे अनेक सुटे कागद असतात. त्यामुळे ‘घुमटाचा छेद’ असे स्वतंत्र शीर्षक सूचीत नसले, म्हणून तो संग्रहातच नाही, असे मानू नये. नोंद सापडली की क्रमांक, वास्तुविशारद, वर्ष आणि तुम्हाला कोणता भाग कशासाठी हवा आहे, हे चार ओळींत लिहावे आणि त्या नोंदीखालील कागदांची यादी मिळेल का, असे विचारावे. ‘सर्व’ हा शब्द टाळावा. प्रती सशुल्क असतील, तर किती ठिपक्यांची प्रतिमा हवी हेही आधीच ठरवावे. वाचून मोजमाप घेण्यापुरती लहान प्रतिमा चालते आणि खर्च वाचतो. प्रत्यक्ष भेटीला मात्र आगाऊ वेळ घ्यावी लागते. अशा अभ्यासकक्षांत शाईचे पेन चालत नाही, शिसपेन्सिलच न्यावी लागते. संग्रह हलवणे, नूतनीकरण अशी कामे चालू असतात, म्हणून वेळ मागण्यापूर्वी संकेतस्थळावरील ताजी सूचना अवश्य वाचावी.

उत्तर: बांधकाम खात्यातील एक आरेखक, यवतमाळ

वरील सल्ला योग्य आहे, पण त्याने अर्धेच काम होईल. सरकारी इमारतीचे आराखडे दोन जातीचे असतात. मंजुरीसाठी किंवा प्रदर्शनासाठी रंगवलेली देखणी दृश्ये अनेकदा वास्तुविशारदाच्या खासगी कागदांबरोबर परदेशी जातात. ज्यांवरून गवंडी आणि सुतार काम करत, ती कामाची चित्रे, म्हणजे ट्रेसिंग (पारदर्शक कागदावरील चित्र) आणि त्यावरून काढलेल्या निळ्या प्रती, मात्र इथेच बांधकाम खात्याकडे राहत. तुम्हाला छेद हवा आहे, म्हणून माझ्या मते तुमचे खरे घबाड लंडनला नसून नागपुरात निघण्याचा संभव जास्त आहे. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपुरात कार्यालय आहे. तिथून सुरुवात करा आणि मग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे वळा.

आराखड्याचा कागद हाती आला की आधी उजव्या हाताचा खालचा कोपरा वाचावा. तिथे चित्राचा क्रमांक, प्रमाण, तारीख आणि काढणाऱ्याची व तपासणाऱ्याची आद्याक्षरे असतात. एका फुटाला इंचाचा आठवा भाग असे प्रमाण असेल, तर शंभर फुटांची भिंत कागदावर साडेबारा इंच येते. प्रत लहान करून छापली असेल, तर हे गणित चुकते, म्हणून चित्रातील प्रमाणपट्टीवरूनच मापे काढावीत. क्रमांक टिपून ठेवलात की मालिकेतील मधले कोणते कागद गहाळ आहेत, तेही कळते.

एक सावधगिरी सांगतो. ही इमारत वापरातली आहे आणि सुरक्षेच्या कारणाने आजची अंतर्गत रचना कुणी देणार नाही. अर्जात ‘१९३७ ते १९४० या काळातील मूळ दर्शनी बाजू आणि घुमटाचा छेद’ एवढेच मागावे आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे शिफारसपत्र जोडावे. माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दमात टाकू नका. त्याने समोरचा माणूस नियमाला धरून बसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. प्रत मिळाली, तर ती प्रबंधात छापता येईल का? प्रबंध महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरही ठेवला जातो.

उत्तर: निवृत्त ग्रंथपाल, हिंगणघाट

कागदाची मालकी आणि त्यावरील स्वामित्वहक्क (कॉपीराइट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेड यांचे निधन १९७७ साली झाले. ब्रिटनमध्ये हा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे राहतो आणि भारतात ६० वर्षे, त्यामुळे मेड यांच्या स्वतःच्या चित्रांसाठी ब्रिटनमधली मुदत २०४७ अखेरपर्यंत आहे. सरकारी खात्यात तयार झालेल्या चित्रांना वेगळा नियम लागू शकतो. परीक्षकांना देण्याच्या प्रतीत चित्र वापरणे आणि संकेतस्थळावर ठेवणे यांत फरक करून दोन्हींची परवानगी एकाच पत्रात, पण स्वतंत्रपणे मागावी. संकेतस्थळासाठी नकार आला, तर त्या प्रतीत चित्राऐवजी संदर्भ क्रमांक आणि तुम्ही स्वतः मापे घेऊन काढलेले रेखाचित्र द्यावे.