ऐकता ऐकता प्रार्थना

समोरचा बोलत असताना मनात प्रार्थना केली तर लक्ष उडतं, असं काही जण म्हणतात. प्रार्थना लांबली तर उडतंच. म्हणून ती दोन-चार शब्दांचीच असावी. बायबलमधल्या नहेम्याचं पाहा. इ.स.पू. 445 च्या सुमारास पर्शियातल्या शूशनच्या राजवाड्यात तो अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा सेवक होता. तुझी काय विनंती आहे, असं राजाने विचारलं आणि उत्तर देण्याआधी त्याने देवाची प्रार्थना केली, हे बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. राजाला ताटकळत ठेवून गुडघे टेकायला वेळ कुठला! एका श्वासाचंच काम ते. (त्याआधी कित्येक दिवस उपास-प्रार्थना झाली होती, हेही विसरू नये.)

आमच्या शेजारच्या काकू डायलिसिसबद्दल सांगताना फाईलची नाडी बोटाला गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. मी त्यांच्याकडे पाहत मनात एवढंच म्हणते, 'प्रभू, यांना धीर दे.' त्याने ऐकणं तुटत नाही. उलट मध्येच सल्ला द्यायची घाई थांबते. मला तरी हाच मोठा फायदा वाटतो. प्रार्थना केली हे त्यांना सांगायची गरज नाही. त्यांनी आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी.