मदत हवी आहे : एक कोटीपर्यंत तोंडाने मोजायला नक्की किती वेळ लागेल?

पाटीपेन्सिल :
नमस्कार मंडळी. भाची सहावीत आहे. शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी तिने हा विषय घेतलाय. मामा म्हणून तक्ता रंगवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यामागोमाग हिशोबही आला.

नेटवर जिथे बघावं तिथे एकच उत्तर. सेकंदाला एक आकडा धरा, म्हणजे एक कोटी सेकंद, म्हणजे ११५ दिवस १७ तास ४६ मिनिटं ४० सेकंद. भाचीने ते तिथल्या तिथे मोडीत काढलं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि 'सत्तेचाळीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार नऊशे सदुसष्ट' म्हणून दाखवलं. भरभर म्हणूनही चार सेकंद! 'सात' म्हणायला अर्धा सेकंदही लागत नाही. मग सरासरी धरायची कशी? शिवाय माणूस झोपणार, जेवणार, पाणी पिणार, ते कुठे धरायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सहावीच्या मुलीला स्वतः समजावून सांगता येईल असं हवं, सूत्रं नकोत.

रिकामटेकडा :
कोटीच्या आधी घसा बसेल. खडीसाखर जवळ ठेवा.

सरळव्याज :
सूत्राची गरजच नाही. आकड्यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटात आकडे किती ते बघा. मी मोठ्याने म्हणून घड्याळ लावलं, त्यावरून ठोकळमानाने असं धरलंय: ९९ पर्यंत एक सेकंद, तीन अंकी दीड, चार अंकी अडीच, पाच अंकी तीन, सहा अंकी साडेतीन, सात अंकी चार.

आता गंमत बघा. एक ते एक कोटी यांत सात अंकी आकडे तब्बल ९० लाख आहेत. दहांतले नऊ! त्यांचेच ३ कोटी ६० लाख सेकंद होतात. सहा अंकी ९ लाख, त्यांचे साडेएकतीस लाख सेकंद. लाखाच्या आतलं सगळं मिळून तीन लाख सेकंदसुद्धा भरत नाही. एकूण बेरीज सुमारे ३ कोटी ९४ लाख सेकंद. न थांबता साडेचारशेहून अधिक दिवस. रोज सोळा तास मोजलं तर ६८५ दिवस, आठ तास मोजलं तर पावणेचार वर्षं.

म्हणजे तुमच्या भाचीने जो आकडा म्हणून दाखवला तोच जवळजवळ सरासरीचा आकडा. लहान आकड्यांनी उत्तर फारसं हलत नाही. तक्त्यावर हेच मोठ्या अक्षरांत येऊ द्या, बाकीचा गुणाकार कोणीही करील.

गड्डीवाले काका :
बँकेत कॅशमध्ये उभी हयात गेली म्हणून लिहितो. आम्ही कधी 'तीन हजार चारशे बारा' असं मोजत नाही. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. तोंडात फक्त एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर. शंभर झाले की बाजूला खूण. असं मोजलं तर सेकंदाला एक आकडा आरामात जमतो. एक लाख वेळा शंभर म्हणजे एक कोटी. तेव्हा नेटवरचे ११५ दिवस अगदीच हवेतले नाहीत, पण ते या पद्धतीचे आहेत. पूर्ण आकडा म्हणायचा की नाही, हे तक्त्यात आधी स्पष्ट लिहा, नाहीतर बघायला येणारे भांडत बसतील.

तुंगभद्रा :
हे खरोखर केलेला एक माणूस आहे. अमेरिकेतल्या अलाबामाचा जेरेमी हार्पर. २००७ साली जूनमध्ये सुरुवात करून सप्टेंबरमध्ये दहा लाखांपर्यंत पोचला, मोठ्याने, इंटरनेटवर थेट दाखवत. ८९ दिवस, रोज सुमारे सोळा तास. गिनेसमध्ये नोंद आहे. भागाकार करून बघा, एका आकड्याला पाच सेकंदांच्या जरा वर पडतात. तो इंग्रजीत मोजत होता हे खरं, पण श्वास, घोट, जांभई सगळं त्यात आलंच.

सरळव्याज :
@तुंगभद्रा, हा पडताळा उत्तम! माझ्या गटांनी दहा लाखांना रोज सोळा तासांप्रमाणे साधारण ६० दिवस येतात, त्याला लागले ८९. म्हणजे माणूसपणाची दीडपट. तीच दीडपट कोटीला लावली तर ६८५ चे हजारावर दिवस होतात. पावणेतीन वर्षं तरी धराच.

रिकामटेकडा :
आणि 'सत्त्याण्णव'ऐवजी 'नव्वद सात' म्हटलं तर? दुसरीच्या पुस्तकात २०१९ ला आलं होतं ना.

सरळव्याज :
म्हणून बघा, वेळ तेवढाच लागतो. तो वाद इथे नको, त्याचे वेगळे धागे आहेत.

जपमाळ :
थोडं अवांतर. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला अशी परंपरा आहे. हिशोब मांडला तर रोजचे साधारण २९,७०० जप येतात. सोळा तास धरले तर एका जपाला दोन सेकंदांपेक्षा किंचित कमी. तिथे पहिला जप आणि तेरा कोटीवा जप म्हणायला सारखाच वेळ, आणि मोजायचं काम माळेचं. आकड्यांचं तसं नाही, पुढे जाल तसा एकेक आकडा लांबत जातो.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे मनापासून आभार! काका, तुमची पद्धत आणि पूर्ण आकड्याची पद्धत, दोन्ही शेजारी शेजारी लावतो. भाचीचा पुढचा प्रश्न: अब्जाचं काय?

सरळव्याज :
अब्ज म्हणजे शंभर कोटी. तिथेही दहांतले नऊ आकडे सर्वांत लांब, नऊ अंकी: 'सत्त्याऐंशी कोटी पंचावन्न लाख अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे त्रेपन्न'. सहा सेकंद धरा. न थांबता १९० वर्षं, रोज सोळा तासांनी २८५. महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, १६७४ ला कोणी सुरुवात केली असती तर १९५९ साली संपलं असतं, महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी. हार्परची दीडपट यात धरलेलीच नाही.

गड्डीवाले काका :
एक सुचवू का? चार सेकंद हे तुम्ही दोघांनी ठरवलेत, ते प्रदर्शनातच तपासून घ्या. ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका. येणाऱ्याने सात वेळा चिठ्ठी काढायची, प्रत्येक वेळी अंक लिहून चिठ्ठी परत टाकायची. झालेला आकडा मोठ्याने म्हणायचा, भाचीने स्टॉपवॉच धरायचं. दिवसभराच्या वेळांची सरासरी काढली की उत्तर तुमच्या शाळेचं स्वतःचं. आणि पहिला अंक शून्य आला तर तो आकडा बाद करू नका. दहांतला एक आकडा दहा लाखांच्या आतला निघायलाच हवा.