मदत हवी आहे: सातेरीच्या पेटीत राणी नाही, कामकरी माश्याच अंडी घालतायत

मंडळी, नमस्कार. मेढ्याच्या पुढे डोंगरात आमची वाडी. घरामागे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, दोन पेट्या आहेत. त्यातली एक हातची चाललीय, म्हणून लिहितोय.

गणपतीत पेटी उघडली तेव्हा राणी दिसली होती. मग पावसाने उसंत दिली नाही, नुसता साखरेचा पाक ठेवत राहिलो. काल दसरा झाल्यावर उन्हात पोळ्याची चौकट वर धरली आणि पोटात गोळाच आला. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी, तीही तळाला नाहीत, भिंतीला कशीही चिकटलेली. राणीचं पोट लांब असतं, तिचं अंडं तळाशी मधोमध बसतं. कामकरीचं पोट तिथवर पोचत नाही. शेजारच्या चौकटीवर झाकलेली घरं हरभऱ्यासारखी फुगलेली, म्हणजे आत सगळे नर. कामकरीचं मीलन होत नाही, त्यामुळे तिच्या अंड्यातून नरच निघतो. राणीघर, म्हणजे नवी राणी वाढते ते मोठं घर, एकही दिसलं नाही.

आमच्या वाडीतले आबा म्हणतात, "नाद सोड, माश्या दुसऱ्या पेटीवर झटकून दे." त्यांनी उभा जन्म माश्यांत काढलाय, पण ही वसाहत मी स्वतः झाडाच्या ढोलीतून काढून पेटीत बसवलीय. इतक्या लवकर सोडवत नाही.

माझा विचार असा. चांगल्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली एक चौकट इथे द्यायची. तीनेक दिवसांच्या आतली अळी असेल तर माश्या तिला राजअन्न भरवून राणी करू शकतात. उघड्या अळ्यांच्या वासाने कामकरींचं अंडी घालणंही दबतं म्हणतात, म्हणून दर आठवड्याला एक चौकट, असं दोन-तीनदा.

पण हिशेब जुळत नाही. अंड्यापासून राणी बाहेर पडायला साधारण 16 दिवस. मग तिचं उड्डाण, मीलन, अंडी सुरू व्हायला आठवडा-दहा दिवस. त्यानंतर पहिली कामकरी निघायला आणखी 20 दिवस. झाला दीड महिना. कामाच्या दिवसांत कामकरी जगतेच तेवढी. राणी जाऊन महिना झाला असेल तर पेटीतली सगळ्यात लहान माशीही आज दहाएक दिवसांची. नव्या राणीच्या अळ्यांना भरवायला दाया, म्हणजे तरुण कामकरी, उरतील का?

चांगल्या पेटीत सहा चौकटी माश्यांनी भरल्यात. तिथून आठवड्याला एक काढली तर तीही खचेल का? आणि माश्यांना एकमेकींची हळूहळू सवय व्हावी म्हणून मध्ये वर्तमानपत्र ठेवून दोन्ही पेट्या जोडल्या, तर अंडी घालणाऱ्या कामकरी तिथल्या राणीच्या अंगावर जातील का?

इटालियन माश्यांचे व्हिडिओ भरपूर पाहिले. पण सातेरी जरा छेडली की घर सोडून जाते, तिथले उपाय इथे लावायचा धीर होत नाही. ज्यांनी सातेरीवर हे केलंय त्यांनीच सांगा. रविवारी सकाळी पेटी उघडणार आहे.