दहावीचा निकाल आधी कोणी बघायचा? मुलाने की आईबापाने?

अर्धा_कप_चहा (धागाकर्ता), ७ मे २०२५

बारावीचा निकाल सोमवारी लागला. दहावीचा आता कधीही लागेल. आमच्या घरी यंदा दहावी आहे, म्हणून हा धागा.

सोमवारी आमच्या मजल्यावर काय झालं ते आधी सांगतो. शेजारच्या मुलीचा बारावीचा निकाल तिच्या बाबांनी ऑफिसात एकच्या ठोक्याला उघडला. टक्के छान होते. त्यांनी लगेच मेव्हण्याला फोन लावला, मेव्हण्याने बायकोला सांगितलं, आणि सव्वाच्या आत टक्के तिघांच्या स्टेटसवर. मुलगी तेव्हा केस धूत होती. टॉवेल गुंडाळून बाहेर आली तर फोनवर आत्याचं 'अभिनंदन बेटा' आणि पेढ्यांचं चित्र. स्वतःचा निकाल तिला आत्याकडून कळला! घरात सगळे खूश, आणि ती गॅलरीत फुगून बसलेली. 'एवढे मार्क मिळूनही हिचं तोंड वाकडंच' असं तिच्या आईने आम्हाला सांगितलं.

मला मुलीचं शंभर टक्के पटलं. टक्के कमी असते तर आत्याने कुठलं चित्र पाठवलं असतं?

तर माझं मत असं. सीट नंबर मुलाकडे. निकाल त्याने बघायचा, एकट्याने किंवा मित्राबरोबर, त्याला वाटेल तसा. आईबाप त्या दिवशी नेहमीसारखे कामावर जातील, तो फोन करेल तेव्हा ऐकतील. 'तुला काय वाटतं, किती पडतील' हा प्रश्न शेवटच्या पेपरपासून आमच्या घरात बंद आहे. आपल्या पोटात गोळा आला असेल तर तो आपल्या पोटात ठेवावा, मुलाच्या ताटात वाढू नये. बोला.

दोन_लेकरांची_आई

साइटवर सीट नंबरच्या खाली दुसरा रकाना कसला असतो माहितीये ना? आईच्या नावाचा. ते टाकल्याशिवाय निकाल उघडत नाही. आणि तुम्ही म्हणता आईने ऑफिसात फायली चाळाव्यात!

गंमत सोडा, पण मला हे अजिबात पटलेलं नाही. माझ्या दिराच्या घरी असाच बाणेदारपणा झाला होता. 'तुझा निकाल, तू बघ.' पुतण्या खोलीत गेला, कडी लावली. भाऊजी बाहेर पेपर वाचत असल्यासारखे बसलेले, पान काही उलटत नव्हते. आतून बराच वेळ काहीच आवाज नाही. गणितात आपटला होता. शेवटी जाऊबाईंनी दार वाजवलं तेव्हा तो म्हणाला, 'तुम्हीच म्हणालात ना माझं मी बघू?' तुम्ही म्हणता त्याला स्वातंत्र्य दिलं. पोराने ऐकलं ते 'तुझं तू निस्तर'.

माझी धाकटी यंदा दहावीला आहे. तिने मला आधीच सांगून ठेवलंय, आई, नंबर तू टाक, मी उशीत तोंड घालून बसणार. मी टाकणार. रजाही टाकणार.

अर्धा_कप_चहा

ताई, तिने सांगितलंय म्हणून तुम्ही टाकताय. मग आपलं भांडण कुठे आहे? न विचारता टाकू नये एवढंच म्हणतोय.

दोन_लेकरांची_आई

भांडण आहे. 'पोटातला गोळा पोटात ठेवा' यावर आहे. माझी मुलगी माझ्या चपातीच्या आकारावरून सांगते माझा मूड काय आहे ते. मी काय लपवणार?

उदगीरचा_पाव्हणा

दोघांचंही वाचलं. दोघांच्या घरी वायफाय आहे आणि मुलाला वेगळी खोली आहे एवढं कळलं.

आमचा लातूर विभाग. गेल्या वर्षी अख्ख्या राज्यात १८७ पोरांना दहावीला शंभर टक्के पडले, त्यातली १२३ आमच्या विभागातली. इथं ९५ टक्के सांगितले की समोरचा 'बरंय' म्हणतो आणि विषय बदलतो. माझ्या चुलतभावाने पोराच्या अकरावी-बारावीच्या, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या क्लासचा पहिला हप्ता भरलाय, होस्टेलचं डिपॉझिट भरलंय. सोयाबीनला भाव नव्हता तरी विकलं. निकाल लागायचाय अजून. आता या बापाने धडधड लपवायची? का म्हणून? पोराला कळू द्या की घर कशावर उभं आहे. सोळा वर्षांचा आहे, सहा वर्षांचा नाही.

आणि निकाल आधी कोण बघणार म्हणाल, तर आमच्या गावात आधी सायबरवाला बघतो. तो प्रिंट काढायच्या आधी मोठ्याने वाचतो: मराठी ८१, हिंदी ७४, गणित... इथे थांबून पोराकडे बघतो. मागे रांगेत निम्मं गाव. तुमच्या कडीचं काय घेऊन बसलात.

शाळामास्तर

मी दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे मार्च ते मे हा पालकांचा आजार जवळून बघतो.

गेल्या वर्षी दहावीला ९५.८१ टक्के मुलं पास झाली. राहिलेल्यांतही एक-दोन विषय गेलेल्यांना एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला बसता येतं, आणि जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष फुकट जात नाही. प्रत्येक विषयात २० गुण शाळेकडचे असतात आणि शाळा ते देताना हात फार आखडत नाही, हे गुपित राहिलेलं नाही. वर बेस्ट ऑफ फाइव्ह. सहातला सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून बाहेर. म्हणजे नापास होण्याची भीती फार थोड्या घरांत खरी आहे. ज्यांच्या घरी आहे ते पालक माझ्याकडे येत नाहीत. येतात ते ८८ की ९२ या चिंतेचे.

एप्रिलमध्ये एक गृहस्थ भूमितीची प्रश्नपत्रिका घेऊन आले. प्रत्येक उपप्रश्नापुढे पेन्सिलीने मुलाने सांगितलेले गुण. त्यातून यांनी आपल्या अंदाजाने अर्धा इथे, अर्धा तिथे कापलेला, दुसऱ्या रंगाने. बेरीज साडेतेहतीस, ४० पैकी. मला विचारतात, 'सर, प्रमेयाच्या आकृतीला नावं दिली नाहीत तर किती कापतात?' मुलगा गेटबाहेर सायकलवर एक पाय टेकवून उभा होता, आत यायला तयार नव्हता. मी म्हटलं, पेपर तपासून बोर्डात गेले, आता तुम्ही हा कागद फाडा. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

धागाकर्त्याशी मी सहमत आहे. उदगीरच्या पाव्हण्यांना एवढंच विचारतो, हप्ता भरताना पोराला विचारलं होतं का?

उदगीरचा_पाव्हणा

मास्तर, विचारलं होतं. पोरगं हो म्हणालं. 'नाही' म्हणून सांगतंय कुणाला, असं तुम्ही आता म्हणणार. तेही ठाऊक आहे.

ठाणे_स्लो

मास्तरांचा मान राखून सांगतो, ८८ की ९२ ही हौस नाही. पहिल्या फेरीचा कट-ऑफ लागतो तेव्हा एका टक्क्यात मुलगी घरापासून चालत कॉलेजला जाणार की दोन वर्षं सकाळी गर्दीत लोकलच्या दारात उभी राहणार, हे ठरतं. त्यात यंदापासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू. मुंबई-पुण्याच्या पालकांना निदान त्याची सवय होती. आता सगळेच त्यात. कोट्याच्या जागा वेगळ्या, पसंतीक्रम वेगळा, पहिल्या पसंतीचं मिळालं की घ्यायलाच लागतं. मुलांना यातलं काही माहीत नसतं आणि नसलेलंच बरं. पण कुणाला तरी माहीत असावं लागतं ना? ते आम्हीच. आमच्या धाकधुकीला तुम्ही आजार म्हणता, पण फॉर्म भरताना तीच कामाला येते.

बाकी हे दिवस काढायचे कसे हा प्रश्न आहेच. टीव्ही लावला की भारत-पाक संघर्षाचे सायरन आणि ड्रोन. आयपीएल तरी होतं संध्याकाळी, तेही शुक्रवारपासून थांबलं. मी आणि मुलगी पत्ते खेळतोय. ती मुद्दाम हरते की काय अशी मला शंका आहे.

स्लाऊची_वहिनी

मी इंग्लंडमधून लिहितेय. इथे जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा, निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी असतो. मुलं सकाळी शाळेत जातात, हॉलमध्ये आपापल्या नावाचं पाकीट घेतात, तिथेच मित्रांसोबत फोडतात. हल्ली ऑनलाइनही दिसतो, पण माझ्या लेकीने पाकीटच घेतलं. आईबाप बाहेर गाडीत. मी गाडीत स्तोत्र म्हणत बसले होते आणि शेजारच्या गाडीतले पंजाबी काका सिगारेट ओढत होते. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, बोललो काहीच नाही. लेक आली, मागच्या सीटवर बसली, आणि आधी म्हणाली 'भूक लागलीये'. मग दाखवलं. मला हीच पद्धत बरी वाटते.

उदगीरचा_पाव्हणा

वहिनी, तुमच्या लेकीला गाडीत बसेपर्यंत दम निघाला कारण पुढचं कॉलेज घराजवळ होतं. इथं पुढचं सगळं त्या एका आकड्यावर.

स्लाऊची_वहिनी

भावोजी, इथेही पुढचा प्रवेश ग्रेडवरच असतो, अट घालून दिलेला. अट मोडली तर त्याच दुपारी दुसरीकडे फोन करत बसावं लागतं. फरक एवढाच की आत्याला कुणी तेव्हाच कळवत नाही. आत्या झोपलेली नसते, तिकडे दुपार असते, तरी नाही.

मागच्या_बाकावरून

मी गेल्या वर्षी दहावी झाले, त्यामुळे मोठ्यांच्या धाग्यात तोंड घालते. सॉरी.

काका-काकूंनो, तुमचं लपवलेलं आम्हाला दिसतं. आमच्या आईने निकालाच्या आधी माळा आवरला, मग धान्याचे डबे, मग परत माळा. बाबा इतके गोड बोलायला लागले की मला वाटलं यांना माझा निकाल आधीच कळलाय आणि वाईट आहे. 'कितीही पडू दे गं, आम्हाला काही नाही त्याचं' असं रोज रात्री जेवताना. ज्याला खरंच काही नसतं तो रोज कशाला सांगेल? एके रात्री बाबा सरळ म्हणाले, 'मला झोप येत नाहीये, तुला येते का?' मी म्हटलं नाही. मग आम्ही दोघांनी मॅगी केली. तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

तेव्हा मत माझं दोन लेकरांच्या आईला. पण स्टेटस! स्टेटस मात्र नको. ९१ होते तरी मला नको होतं, कारण माझ्या जवळच्या मैत्रिणीला ६८ होते आणि तिची आई माझ्या आईच्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. हे आईच्या डोक्यातच आलं नाही.

अर्धा_कप_चहा

बाळा, सॉरी कशाला. तुझ्या बाबांची मॅगी मान्य. पण ते एकदा बोलले आणि थांबले. मी ज्यांना ओळखतो ते आईबाप रोज बोलतात, आणि वर 'तुझ्यासाठीच बोलतोय' म्हणतात. त्यांना मॅगी करता येत नाही, म्हणून मी गप्प बसायला सांगतोय.

नाव_कशाला_हवं

२०२१ साली कोविडमुळे परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला, ९९.९५ टक्के पास. पेपरच लिहिलेला नाही, नापास होण्याचा प्रश्नच नाही, शाळेने गुण दिलेले. तरी एक वाजता साइट बसली ती बसलीच. तुम्ही इथे कोण आधी बघणार याच्यावर भांडा, त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र एकदम बघतो आणि कुणालाच दिसत नाही.

शाळामास्तर

हसलो. पण एक गंभीर गोष्ट लिहून ठेवतो. मूल जेवत नसेल, रात्रभर जागं असेल, एकदम गप्प झालं असेल किंवा 'निकालानंतर बघाच' असलं काही बोलत असेल, तर तिथे तत्त्वं बाजूला ठेवा. त्याला एकटं निकाल बघू देऊ नका, घरी थांबा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, मराठीतही बोलतात. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो.

आणि गुण अनपेक्षित कमी आले तर त्याच दिवशी मुलाची झाडाझडती घेऊ नका. गुणपडताळणी असते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, ती घेतली की पुनर्मूल्यांकनाला अर्ज करता येतो. मुदत असते, ती मात्र चुकवू नका.

ठाणे_स्लो, १२ मे

आलं हो! उद्या दुपारी एक. या वेळी बोर्डाचं पत्र खरं आहे. आमच्या ग्रुपवर आतापर्यंत खोटी पत्रं फिरत होती, एकावर तर सही उलटी होती. मुलीला सांगितलं तर म्हणाली, 'पत्ते पिस.'

दोन_लेकरांची_आई

रजा मंजूर. धागाकर्ते, तुमचं काय? जाताय ना कामावर?

अर्धा_कप_चहा

मी जातोय. बायकोने मला न विचारता रजा टाकलीय. मुलाला विचारलं, कोण हवंय घरी? म्हणाला, 'आई असू दे, पण तिने वरण लावत राहावं, माझ्याकडे बघू नये.' यात कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा, माझं मत आहे तेच आहे.

दोन_लेकरांची_आई

वरण लावणारी.

उदगीरचा_पाव्हणा

आमच्याकडे मंगळवारी दुपारी लाईट नसते. सायबरवाल्याकडे इन्व्हर्टर आहे, पण त्याच्या मोठ्या आवाजाची पोराला धास्ती. म्हणून त्याने सीट नंबर आणि आईचं नाव पुण्याच्या मामाला पाठवून ठेवलंय, मामा बघून फोन करणार. बाप नाही, आई नाही, पोरगं स्वतः नाही. आता घाला वाद.