धावपटू आणि कबड्डीपटू निवडून भारताचा फुटबॉल संघ का नाही उभा करता येत?

घोडबंदरकर:
मंडळी, मी ठाण्याचा. फुटबॉल फक्त टीव्हीवर बघतो, कधी खेळलो नाही. धाकटा मुलगा दहावीत आहे, शाळेकडून 100 आणि 200 मीटर धावतो. सकाळी त्याच्याबरोबर मैदानावर बसलो की एकच विचार येतो. 140 कोटींच्या देशात वेगवान, काटक पोरांना काय तोटा? कबड्डीत तर आपला दबदबा आहेच. मग सैन्यातून, कबड्डीतून, धावण्याच्या स्पर्धांतून पन्नास दणकट पोरं निवडायची आणि चार वर्षं चांगल्या परदेशी कोचच्या हाती द्यायची. आशियात तरी पहिल्या पाचात येणार नाही का आपण? मार्च 2024 मध्ये गुवाहाटीत, आपल्याच मैदानावर, अफगाणिस्तानकडून 1-2 हरलो. ती सल अजून गेलेली नाही. मनापासून विचारतोय.

नेरूळचा सहा नंबर:
दादा, दर वर्ल्ड कपला हा प्रश्न मला कोणीतरी विचारतंच. नेरूळला 8 ते 14 वयाच्या पोरांना शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेग नको असं कुठलाच कोच म्हणणार नाही. दमसास नसेल तर आजच्या फुटबॉलमध्ये विसाव्या मिनिटालाच माणूस उघडा पडतो. पण उसेन बोल्टचं बघा. 100 मीटर 9.58 सेकंदांत धावलेला माणूस, लहानपणापासून फुटबॉलवेडा. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात सेंट्रल कोस्ट मरिनर्स क्लबकडे ट्रायलला गेला, सराव सामन्यात दोन गोलही मारले, आणि लीगचा एकही सामना न खेळता परतला. धावपटूला कधी सुटायचं ते बंदूक सांगते. फुटबॉलमध्ये ती बंदूक आपल्याच डोक्यात वाजावी लागते, तीही समोरचा पास द्यायला मान वर करतो त्या क्षणी. अर्धा सेकंद आधी सुटलात तर ऑफसाइड, नंतर सुटलात तर चेंडू गेला.

90 मिनिटांत एका खेळाडूच्या पायात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला वेळ कुठे उभं राहायचं, कोणाची वाट अडवायची, कधी थांबायचं, हे ठरवण्यात जातो. हे चार वर्षांत विसाव्या वर्षी शिकवता येत नाही, निदान मला तरी ते कधी जमलेलं नाही.

माझ्याकडे दोन पोरं एकाच वर्षी आली. एक आंतरशालेय स्पर्धेत 100 मीटर मारून आलेला. मोकळ्या चेंडूवर सगळ्यांआधी तोच पोचायचा, पण पोचल्यावर चेंडू पायाला लागून दोन मीटर पुढे, आणि मग पुन्हा धाव. दुसरा किडकिडीत, आजोबांचा हात धरून सीवूड्सहून यायचा. पास त्याच्याकडे निघायच्या आत तो डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा मान वळवून घ्यायचा. मागून माणूस येतोय हे त्याला आधीच ठाऊक असायचं. चेंडू मागच्या पायावर घ्यायचा, अंग अर्धं वळलेलं, की पहिल्याच टचला तो माणूस मागे पडलेला. धावावं लागायचंच नाही. असं बघायला मी त्याला शिकवलं नव्हतं. इमारतीच्या पार्किंगमध्ये मोठ्या पोरांत खेळून खेळून ती सवय त्याला लागली होती.

पुढे मी दोघांना एका नावाजलेल्या ट्रायलला नेलं. आधी उंची, मग 30 मीटर धावणं, आणि शेवटी दहा मिनिटांचा सामना. त्या दहा मिनिटांत किडकिडीत पोराने एकदाही चेंडू गमावला नाही. तरी धावणारा घेतला आणि हा परत पाठवला, कारण काय, तर अंगाने लहान. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मला अजून राग येतो. त्या टेपपुढे स्पेनला वर्ल्ड कप जिंकून देणारा 170 सेंटीमीटरचा मिडफिल्डर झावी कुठे टिकला असता? भारतासाठी सगळ्यात जास्त गोल मारणारा आपला सुनील छेत्रीही तेवढ्याच उंचीचा, आणि हेडरचे गोल त्याने किती मारलेत.

2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपची माली-स्पेन सेमीफायनल आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तेव्हा मी पोरांना घेऊन गेलो होतो. मालीची पोरं अंगाने, वेगाने वरचढ, धडाधड शॉट मारत होती. त्यांचा एक गोल तर पंचांनी दिलाच नाही. त्यांना नुसतं ताकदवान म्हणणं अन्यायाचं होईल, खेळ येत होता त्यांना. पण स्पेनची पोरं एकमेकांना न बघता ओळखत होती. आबेल रुइझने दोन मारले, तिसरा फेरान तोरेसने, स्पेन 3-1. माझा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ते धावतच नाहीत, तरी चेंडूपाशी तेच असतात." माली त्याआधी 2015 मध्ये याच स्पर्धेच्या फायनलला गेली होती. मोठ्यांच्या वर्ल्ड कपला मात्र ती अजून कधीच पोचलेली नाही.

आणि संख्येचं म्हणाल, तर 2011 च्या जनगणनेत नुसत्या ठाणे शहरात 18 लाखांवर माणसं होती. आइसलँडमध्ये तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास. त्यांनी 2016 च्या युरोत इंग्लंडला 2-1 ने घरी पाठवलं. बर्फात खेळता यावं म्हणून बंदिस्त मैदानं बांधली आणि लहान पोरांनाही शिकलेले कोच दिले. राष्ट्रीय कोचला संघ वर्षातून मोजके दिवस मिळतो. तिथे तो रचना बसवेल, पहिला टच नाही शिकवणार. तो आठव्या वर्षीच यावा लागतो.

सानपाड्याची ताई:
मी विद्यापीठापर्यंत कबड्डी खेळले, कोपऱ्यात उभी राहायचे. घोडबंदरकर, उलटं करून बघा. फुटबॉलमधल्या, कडेने धावणाऱ्या चपळ विंगरला चढाईला पाठवा, बोनस रेषेवर पाय टाकायच्या आत घोटा धरला जाईल. चढाई करणारीची कंबर कुठे झुकते यावरून मी ठरवायची की झेप घ्यायची की साखळी बांधायची. ते अंगात मुरायला माझी सहा वर्षं गेली. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये इराणच्या मुलींनी आपल्याला फायनलमध्ये 27-24 ने हरवलं. इराण कुस्तीचा देश, तिथे ताकद काय आधी कमी होती? पण त्यांना कबड्डी शिकवत होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

घोडबंदरकर:
ताई, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. सर, पार्किंगमधल्या त्या किडकिडीत पोराचं पुढे काय झालं?

नेरूळचा सहा नंबर:
वर्षभर खेळला नाही. मग आजोबाच एक दिवस घेऊन आले. आता अकरावीत आहे, कॉलेजकडून मिडफिल्डला खेळतो, आणि रविवारी माझ्या दहा वर्षांच्या पोरांना मान वळवायला शिकवतो. मी मागून हाताची बोटं दाखवतो, चेंडू घ्यायच्या आत पोराने किती ते सांगायचं, असा त्याचा खेळ आहे. मुलाला घेऊन या रविवारी, साडेसहाला. तो आमच्या पोरांना स्टार्ट कसा घ्यायचा ते दाखवेल, तेही आमच्याकडे कच्चंच आहे.